लाकडी ठसा मधेच फिका उठतो

शाईबोट्या: जुन्या, दुर्मीळ वळणाचे शिशाचे खिळे (छपाईची सुटी अक्षरं) आणि लाकडी ठसा एकाच चौकटीत आवळून छापतोय. अक्षरं झकास, ठशाचा मधला भाग फिका. दाब वाढवू का?

जुळारी: दाबाला हात लावू नका! आधी खिळे चेपतील, आणि ते परत कुठून ओतून आणणार? खिळ्याची उंची ०.९१८ इंच, म्हणजे साधारण २३.३ मिमी. ठसा तेवढा भरतो का ते मोजा. कमी असेल तर खाली पातळ कागद सारा. नुसता मधलाच भाग खोलगट असेल, तर छापायच्या कागदामागच्या अस्तरात तेवढाच टिश्यूचा तुकडा चिकटवा. हाताने फाडलेला, कापलेला नको; कापलेली कड छापात रेघ सोडते. कंटाळवाणं आहे, पण अर्धी छपाई हीच.

शाईबोट्या: मोजलं. कडा बरोबर, मधेच खोलगट. लाकूड आडव्या कापाचं आहे, म्हणजे खोड आडवं कापून घेतलेलं.

कोरक्या: मग बहुतेक बॉक्सवूड, म्हणजे घट्ट, बारीक पोताचं लाकूड. १८व्या शतकात थॉमस ब्यूइक या इंग्रज कोरीवकाराने अशा आडव्या कापावर कोरायची पद्धत नावारूपाला आणली. रेघ केसाएवढी येते, पण मोठा ठसा तुकडे जोडूनच होतो आणि दमट हवेत सांधे हलतात. पाण्याने पुसू नका, रॉकेलचा बोळा पुरे. रात्री चौकट सैल करत जा.