मदत हवी आहे: शिडाची होडी आणि समुद्रजीव, शाळेची सहल

शास्त्रबाई
मुलांना शिडाच्या होडीत बसवायचं आहे आणि खडकांवरचे जीव प्रत्यक्ष दाखवायचे आहेत, शक्यतो हाताळून. दोन्ही एकाच दिवसात. कुठे जमेल? कुणाला भेटायचं? सोमवारी मुख्याध्यापकांना आराखडा द्यायचा आहे. गूगल करा म्हणू नका, नुसती रिसॉर्ट येतात.

केदार_क
कुठून निघणार? कितवीची मुलं, किती? पोहता येतं का? तारीख?

वेळासप्रेमी
बाई, वेळासला न्या! ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहिलेलं मूल आयुष्यभर विसरत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जा. गावात घरगुती राहायची सोय होते, जेवणही उत्तम.

शास्त्रबाई
कासवं विचारलेली नाहीत. कोल्हापूरहून. आठवी, ४२ मुलं. पोहणारी थोडी. पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार, दहा ते चार. मालवण डोक्यात आहे. परराज्यात न्यायची परवानगी मिळणार नाही, त्यामुळे गोवा सुचवू नका.

दर्यावर्दी
त्या शनिवारी तिथी कोणती?

शास्त्रबाई
शुद्ध नवमी. तिथीचा काय संबंध? मुहूर्त बघायचा नाहीये.

दर्यावर्दी
संबंध पाण्याशी आहे. कोळी लोकांचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. नवमीची पाऊणपट पावणेसात. म्हणजे सकाळी पावणेसातला भरती आणि दुपारी एकच्या आसपास ओहोटी. तुम्ही पोचाल तेव्हा पाणी उतरत असेल, उथळात होडी काढणं त्रासाचं होईल. बरं, ओहोटी तरी कामाची असावी, तर अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी असतं. ते फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. मुलांना पाहायचे ते खालचे खडक उघडेच पडणार नाहीत. दोन्हीकडून नुकसान. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात उलट: भरती मोठी तशी ओहोटीही मोठी.

मालवणकर
हिशेब बरोबर, पण तो मुंबईकडचा. आमच्याकडे भरती साधारण तासभर आधी येते. पाऊणपट करून मोकळं होऊ नका, भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते असतात, ते बघा.
दुसरं, मालवणात शिडाची होडी भाड्याने सहज मिळणार नाही. मासेमारीच्या होड्यांना आता इंजिनं आहेत. माझं ऐकाल तर शीड सोडा आणि रापण दाखवा. पहाटे किनाऱ्यावरून जाळं ओढतात, मुलं दोरीला हात लावतील. जाळ्यात काय काय येतं ते वाळूवर मांडा: बांगडा, तारली, पाकट, कुर्ल्या. एवढी विविधता होडीतून दिसणार नाही.

दर्यावर्दी
रापण जरूर दाखवा, पण शिडाचा आग्रह सोडू नका. होडीमागे प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचं, जाळं ओढून मुलांना तेही दाखवता येतील, पण ते अगदी सावकाश ओढावं लागतं. इंजिनाच्या होडीमागे वेग वाढला की पाणी जाळ्यातून न जाता तोंडातून उलटं बाहेर पडतं. शीड थोडं ढिलं सोडून होडी हळू केली की जाळं छान चालतं, आवाज नाही, डिझेलचा तवंग नाही. शिवाय खारे वारे आणि मतलई वारे पुस्तकात पाठ केलेले असतात. दुपारी समुद्राकडून वारा भरतो तेव्हा सुकाणू हातात असलेल्या मुलाला ते पुन्हा शिकवावं लागत नाही. एनसीसीच्या नौदल विभागाच्या कॅडेट्सना शिडाच्या व्हेलर होड्या शिकवतात. जवळच्या नौदल युनिटला शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या.

मालवणकर
एनसीसी बाहेरच्या शाळेला होड्या देणार? सोमवारपर्यंत?

दर्यावर्दी
सोमवारी आराखडा द्यायचा आहे, होडी नाही.

अनघा_ठाणे
४२ मुलं आणि बहुतेकांना पोहता येत नाही, यावर कुणीच काही बोललं नाही. जानेवारी २०१८ मध्ये डहाणूला विद्यार्थ्यांची होडी उलटली आणि ३ मुली गेल्या. होडीच्या परवान्यावर किती माणसं लिहिली आहेत ते महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात स्वतः पाहा. तांडेलाचं, म्हणजे होडी चालवणाऱ्याचं, तोंडी ऐकू नका. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, मुलांच्या मापाचं, पट्टे किनाऱ्यावरच आवळलेले. गट करा: काही पाण्यात, बाकी खडकांवर.
आणि "हाताळून" म्हणजे काय? प्रवाळ आणि समुद्रकाकडी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, त्यांना हात नाही. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, वनविभागाला आधी विचारा. काहीही गोळा करायचं नाही. दगड उलटला तर होता तसा परत ठेवायचा, नाहीतर खालचे जीव उन्हात मरतात. शंकूसारखा दिसणारा शंख उचलू देऊ नका, आतली गोगलगाय विषारी डंख मारते. चपला नकोत, कालवं पाय कापतात. बूटच.

मालवणकर
अभयारण्य म्हणून शाळेच्या मुलांना अडवायचं, आणि पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढणारे) आणि एलईडीवाले (दिव्यांनी मासे ओढणारे) रात्री येऊन समुद्र खरवडून नेतात त्यांना कोण अडवतं? रापणकारांची जाळी रिकामी येतात. मुलांना शिकवायचं तर हे शिकवा.

अनघा_ठाणे
अडवत नाहीये, विचारून जा म्हणतेय. पर्ससीनबद्दल तुमच्याशी सहमत आहे, पण बाईंचा सोमवार तोंडावर आहे.

केदार_क
४२ मुलांची बस एवढ्या पहाटे घाटातून? तेही बघा. स्लीपर बस नको, मुलांना गाडी लागते.

शास्त्रबाई
बस ठरली आहे. मग शनिवार एक आठवडा पुढे नेला तर?

दर्यावर्दी
मग वद्य प्रतिपदा. पाऊणपटीने भरती पाऊणच्या सुमाराला, मालवणात पावणेबाराच्या आसपास. शनिवारी दुपारी पाणी आणि वारा दोन्ही मिळेल. होड्या कर्लीच्या खाडीत, देवबागच्या आतल्या बाजूला, खुल्या समुद्रात अजिबात नको. मुक्काम करा. रविवारी उजाडता उजाडता मोठी ओहोटी, तेव्हा मालवणच्या राजकोट किल्ल्याच्या बाजूचे खडक. नंतर रापण. एका दिवसात दोन्ही बसवायचा प्रयत्न सोडा.

मालवणकर
हे पटलं. पाणी परत चढायला लागलं की खडकांवरून लगेच मागे या. रापण संघाशी मी बोलतो, व्यक्तिगत निरोप पाठवा.

शास्त्रबाई
मुक्कामाला पालक तयार होतील का हा प्रश्न आहे, पण तक्ता जोडून मांडते. एनसीसीला पत्र उद्याच देते, होडी मिळाली नाही तर रापण आणि खडक नक्की. प्लवकांचं जाळं कुठे मिळतं?

अनघा_ठाणे
विकत नको. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे बारीक जाळी मिळते. तारेच्या कड्यावर नरसाळ्यासारखी शिवा, टोकाला प्लॅस्टिकची छोटी बाटली बांधा. बघायला फोल्डस्कोप, म्हणजे घडीचा सूक्ष्मदर्शक, कागदी असतो, पाण्याने बिघडत नाही.

वेळासप्रेमी
मुक्कामच करणार असाल तर वेळास खरंच विचारात घ्या.