शहरावर बांधलेलं चेंबर म्युझिक सुचवा

टिळकवाडीकर:
मंडळी, आमचा संच असा: दोन व्हायोलिन, एक गिटार, हार्मोनियम नि तबला. घरातच बैठक असते. पुढच्या खेपेला एखाद्या शहरावरची पाश्चात्त्य रचना वाजवायची नि मग त्याच वाटेनं बेळगाववर आपलं काहीतरी बसवायचं, असं ठरवूलालोय. सिम्फनी नको, चार-पाच माणसांत होईल असं सांगा.

खडेबाजार:
डोळे झाकून बोकेरिनी हा संगीतकार घ्या. माणूस इटलीतल्या लुक्काचा, पण हयात गेली स्पेनमध्ये. १७८० च्या सुमारास त्यानं माद्रिदच्या रस्त्यांवरच्या रात्रीवर एक क्विंटेट, म्हणजे पाच वाद्यांची रचना, लिहिलं. दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं), दोन चेलो (त्याहून मोठं, बसून गुडघ्यांत धरून वाजवायचं). संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटा, सैनिकांचा ढोल, मग आंधळ्या भिकाऱ्यांची नाचाची चाल. तिथं चेलोवाल्यांनी वाद्य मांडीवर आडवं घेऊन नखांनी गिटारसारखं छेडायचं, असं त्यानं लिहूनच ठेवलंय. तुमच्याकडं गिटार आहेच, तो भाग तिला द्या. त्यानंतरचा जपमाळेच्या प्रार्थनेचा भाग तालात बांधलेला नाही, तिथं तबला गप्प ठेवा. आलापाला सरावलेल्या कानाला तो लगेच भिडतो.
शेवटी रात्रीची गस्त. लांबून येते, खिडकीखालून जाते, विरते. सूर तेच, फरक फक्त आवाजाच्या चढ-उताराचा. तालमीचा निम्मा वेळ त्यालाच द्या. कुणी एक जण जरी आधीच जोरात वाजवायला लागला की गस्त पहिल्यापासूनच खिडकीखाली उभी!

कॅम्पातली:
रशियन संगीतकार चायकोव्स्कीचं इटलीतल्या फ्लॉरेन्सवरचं सेक्स्टेट, म्हणजे सहा वाद्यांची रचना, पण ऐका की, १८९० चं. दुसऱ्या भागात बाकीच्यांनी तारा छेडायच्या नि वर व्हायोलिननं गायचं, इतकं गोड आहे ते.

खडेबाजार:
गोड आहेच ताई, मलाही फार आवडतं. पण पुढं पुढं ते पार रशियन होतं, फ्लॉरेन्स हाती लागत नाही. यांना शहर पाहिजे. त्यापेक्षा अर्जेंटिनाच्या पियात्सोलाचे ब्यूनस आयर्सचे चार ऋतू बघा, १९६५ ते १९७० मधले. मूळ संचात बँडोनियन, व्हायोलिन, पियानो, इलेक्ट्रिक गिटार नि डबल बास. बँडोनियनही भात्याचंच वाद्य, त्यामुळं हार्मोनियमवाल्याला काम मिळेल. तालाला मात्र कच्चं चालणार नाही.

शहापूर_वडगाव:
बेळगाववर बसवणार असाल तर एक विनंती. देवळाच्या घंटेनं सुरुवात करू नका ओ, ते कुणीही करतंय. आमच्याकडं या, विणकरांचे माग ऐका. धोटा इकडून तिकडं जातो, फणी ठोकते. एका मागाची लय सरळ असते, पण शेजारचा जरा मागंपुढं चालतो नि दोन्ही मिळून जे होतं ते तबल्याला आव्हान आहे. गस्तीच्या जागी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बिगुल आहेच आपल्याकडं.
आणि बाहेरच्यांना कळेल का, याची काळजी करू नका. बोकेरिनीनंच प्रकाशकाला कळवलं होतं की ही रचना स्पेनबाहेर निरुपयोगी आहे, ऐकणाऱ्याला अर्थ लागणार नाही नि वाजवणाऱ्याला जमणार नाही. आज ती जगभर वाजते.

टिळकवाडीकर:
मग बोकेरिनीच. नोटेशन कुठं मिळेल?

खडेबाजार:
आयएमएसएलपी या नोटेशनच्या वेबसाइटवर फुकट आहे. बोकेरिनी १८०५ मध्येच वारला, हक्काचा प्रश्न नाही. पियात्सोला १९९२ मध्ये गेला, त्याची प्रत विकतच घ्यावी लागेल. व्हिओलाची ओळ हार्मोनियमला द्या, पण भाता हलका ठेवायला सांगा, नाहीतर व्हायोलिनं बुडतील.

टिळकवाडीकर:
ठीक. माग ऐकायला रविवारी येतो, तबलजींनाही आणतो.

शहापूर_वडगाव:
रविवारी माग बंद असतात ओ. सोमवारी सकाळी या.