मुखपृष्ठ की मुख्यपृष्ठ?

आडगल्ली
बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या वाचनालयाची वेबसाइट मी आणि भाच्यानं गणपतीच्या सुट्टीत घरीच केली. दोघंही हौशी. पहिल्या पानाच्या बटणावर 'मुखपृष्ठ' लिहिलं होतं. रोज पेपर वाचायला येणारे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "मुखपृष्ठ पुस्तकाला असतं बाळा. हे मुख्यपृष्ठ." बदललं. तर खजिनदार म्हणतात, "काय करूलास गा? हे मुख्य, मग माझं जमाखर्चाचं पान काय फालतू?" नेमकं बरोबर काय?

व्याकरणवेडा
गुरुजी बरोबर. सरकारी साइटींवरही 'मुख्यपृष्ठ' दिसतं. मुखपृष्ठ म्हणजे पुस्तकाचं वरचं कव्हर, विषय संपला.

जुना कंपोझिटर
संपत नाही. मराठी विकिपीडियावर 'मुखपृष्ठ' आहे. आणि गंमत म्हणजे कन्नड विकिपीडियावर 'मुख्य पुट'. इतर कन्नड साइटींवर 'मुखपुट'ही सापडतं. घोळ दोन्हीकडे सारखाच.

चंदगडी
पुट म्हणजे पान होय! आमच्याकडं भांड्यावर काजळीची पुटं चढतात तेवढंच ठाऊक. आजीला 'होम पेज' म्हटलं असतं, तर तिनं घरची पेज समजून लोणच्याची बरणी काढली असती.

व्याकरणवेडा
थट्टा पुरे. मुळात 'वेबसाइट' तरी कशाला? 'संकेतस्थळ' हा चांगला रुळलेला शब्द आहे.

जुना कंपोझिटर
रुळलाय खरा. पण संस्कृत काव्यात अभिसारिका रात्री लपतछपत प्रियकराला भेटायला जाते, त्या जागेला संकेतस्थान म्हणतात. वाचनालयाच्या बोर्डावर लिहा बिनधास्त, सभासद वाढतील.

व्याकरणवेडा
असल्या शंका काढत बसलं तर एकही मराठी शब्द टिकायचा नाही. 'संकेत'चा खूण हा अर्थ पहिला.

काकडआरती
शब्दांचं राहू दे. मी ती साइट ऑफिसात उघडली आणि एकदम सनई सुरू! बंद करायचं बटण सापडेना, साहेब विचारतात कुणाचं लग्न. वर एक ओळ धावत असते. 'वर्गणी भरावी' यातलं 'भरावी' येईस्तोवर 'वर्गणी' पळालेली. आणि तांबड्यावर पिवळी बारीक अक्षरं? बेळगावात हे दोन रंग शेजारी दिसले की लोक आधी कन्नड झेंडा बघतात, मजकूर नंतर.

आडगल्ली
रंग भाच्यानं निवडले, त्याच्या कबड्डी संघाच्या टीशर्टवरून. राजकारण नाही हो त्यात.

जुना कंपोझिटर
राजकारण सोडा, वाचता येत नाही हे खरं. बारीक मजकुराला पार्श्वभूमीशी निदान ४.५ ला १ काँट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, लागतो. शुद्ध तांबड्यावर शुद्ध पिवळं ३.७ च्या आसपास अडकतं. ती धावती ओळ म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररच्या जमान्यातला मार्की, वेबपानं लिहायच्या एचटीएमएल५ या नियमांत बाद ठरवलाय. आणि तुमच्या नियमावलीच्या पानावर मला नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसली. प्रेसमधून फाइल आणून तशीच चिकटवली ना?

आडगल्ली
हो. माझ्या कॉम्प्युटरवर तर छान मराठी दिसते.

जुना कंपोझिटर
तुमच्याकडं तो डीटीपीचा, म्हणजे छपाईची पानं जुळवायचा, फाँट आहे म्हणून. जुन्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर बसवलेली असायची. फाँट नसला की खालची इंग्रजी उघडी पडते. मी स्वतः त्यात वीस वर्षं लग्नपत्रिका जुळवल्यात, म्हणून बघताक्षणी ओळखलं. युनिकोडात, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःची जागा देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, सगळं परत टाइप करा. आणि करतच आहात तर 'बेळगांव'वरचा अनुस्वारही काढा, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो गेला.

चंदगडी
राहू दे की अनुस्वार. आमच्या एसटीच्या पाटीवर होता तेव्हा गाडी तरी वेळेवर यायची.

व्याकरणवेडा
'येथे क्लिक करा' हेही खटकलं. 'येथे टिचकी मारा' लिहा.

चंदगडी
टिचकी कॅरमच्या स्ट्रायकरला मारतात, नाहीतर धाकट्या भावाच्या कानाला. फोनवर टिचकी मारून बघा बरं. 'हितं दाबा' लिहा सरळ.

काकडआरती
दोन्ही नको. माझी मोठी बहीण डोळ्यांनी अधू आहे, फोन तिला वाचून दाखवतो. ती एका दुव्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जाते. या साइटवर तिला लागोपाठ पाच वेळा ऐकू आलं, 'येथे क्लिक करा'. म्हणाली, "कुठं कुठं करू गं?" काय उघडणार तेच दुव्यावर लिहा: 'पुस्तकांची यादी', 'वर्गणीचे दर'.

व्याकरणवेडा
'दुवा' लिहिलंत याबद्दल आभार. निदान एक मराठी शब्द.

जुना कंपोझिटर
दुवा देतो मग तुम्हाला. पण ती दुवा अरबीतून आली आणि साखळीतला दुवा वेगळा, असं म्हणतात. कुणाकडं शब्दकोश आहे का हाताशी?

चंदगडी
शब्दकोश नाही, पण अडकित्ता कन्नडमधून आलाय एवढं छातीठोक सांगतो. अडके म्हणजे सुपारी, कत्तरि म्हणजे कात्री.

आडगल्ली
सनई काढली, रंग बदलले, नियमावली टाइप करायला घेतली. बटणावरचा शब्दच काढून टाकला आणि घराचं छोटं चित्र ठेवलं, म्हटलं भांडण नको. आज गुरुजींनी चष्मा वर करून विचारलं, "हे घर कुणाचं रे?"

काकडआरती
नुसतं चित्र कधीच ठेवू नये. शेजारी शब्द लिहा.

आडगल्ली
अहो, कुठला?