बायोनिकल लेवा (8686): पोपटी सॉकेटला चिरा, काय करावं?

जुळे_सोलापूर:
नमस्कार मंडळी. बायोनिकल या लेगोच्या जोडायच्या पुतळ्यांच्या मालिकेतला 2008 चा लेवा हा पुतळा, सेट क्रमांक 8686, जुन्या खेळण्यांच्या ढिगात सुटा मिळालाय. मुखवटा नि धड ठीक आहे. दोन पोपटी सॉकेटना (सांध्याचा गोल बॉल अडकतो ती खोबणी) केसाएवढ्या चिरा आहेत, तिसरं तोंडाशी उकललंय, बॉल धरतच नाही. बाकी रंगांचे सांधे घट्ट आहेत. पोपटीच का फुटतात? फेव्हिक्विक चालेल का? न फुटलेले कसे जपायचे?

विजापूर_वेस:
2007-2008 च्या पोपटी सांध्यांचं हे दुखणं संग्राहकांत सगळीकडे माहीत आहे, तुमच्या हाताळणीचा दोष नाही. बॉल सॉकेटच्या तोंडापेक्षा किंचित मोठा असतो. आत जाताना तोंड फाकतं आणि मिटून बॉल धरून ठेवतं. त्या काळातलं पोपटी प्लास्टिक ठिसूळ निघालं, त्यामुळे फाकण्याऐवजी चिरतं. बॉल आत असेपर्यंत थोडा ताण राहतोच, म्हणून नुसत्या उभ्या पुतळ्यालाही एक दिवस तडा दिसतो.

उकललेल्याला फेव्हिक्विक लावू नका. ते वाळून काचेसारखं कडक होतं, आणि सॉकेटला तर लवचिकपणा लागतो. पहिल्याच वळणाला चिकटवलेली जागा सुटते, वर आजूबाजूला पांढरी झाक येते ती वेगळीच. केसाएवढी चीर असेल तर आधी बॉल बाहेर काढा, टाचणीच्या टोकानं बाहेरून फेव्हिक्विकचा एकच थेंब सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. बॉल आत ठेवून लावलंत तर सांधा कायमचा जाम. दुरुस्त सांधा परत परत काढ-घाल करायचा नाही, एकदा बसवला की राहू द्यायचा.

होटगी_रोड:
काढताना सरळ ओढू नका. बॉल सॉकेटच्या उघड्या बाजूकडे पूर्ण कलवा आणि त्याच बाजूनं अलगद उचकटा, म्हणजे तोंडाच्या दोन्ही कडांवर एकदम जोर येत नाही. घालताना सॉकेट दोन मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पुसा आणि लगेच बसवा. थंड सॉकेट जास्त चिरतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी हा उद्योग नको.

पाणी 40 अंशांच्या आत ठेवा, लेगो धुण्यासाठी कंपनीनं दिलेली मर्यादाही तीच. आपल्याकडे हे मुद्दाम सांगावं लागतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून हाताला चटका देतं, ते सरळ वापरू नका. पत्र्याखालचा माळाही नको. काचेचं कपाट चांगलं, पण पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवू नका.

अक्कलकोट_रोड:
उकललेला भाग बदलाच. बायोनिकल मालिका 2010 ला थांबली, 2015-16 ला थोडा काळ परत आली. म्हणून सोलापूरच्या नवी पेठेच्या बाजारात सुटे भाग धुंडाळू नका, ब्रिकलिंक या लेगोचे सुटे भाग मिळणाऱ्या साइटवर बघा. भागाच्या आतल्या बाजूला कोरलेला बारीक आकडा भिंगातून वाचा. तो साच्याचा क्रमांक असतो, रंगाचा नाही, रंग वेगळा निवडावा लागतो. आणि इथेच लोक फसतात: पुन्हा पोपटीच मागवतात, तेही त्याच काळातलं निघतं आणि वर्षभरात चिरतं. तोच भाग काळ्यात किंवा राखाडीत घ्या. रंग विसंगत दिसेल, पण पुतळा उभा राहील. कोणता भाग कुठे लागतो ते बघायला लेगोच्या साइटवर 8686 टाकून पुस्तिकेची पीडीएफ उतरवा. ऑर्डर देताना दोन-तीन भाग जास्तीचे घ्या, टपालखर्च भागापेक्षा जास्त पडतो.

2011 पासून लेगोच्या हीरो फॅक्टरी या पुढच्या मालिकेत आलेले नवे हातपाय याच मापाच्या बॉलवर बसतात आणि जास्त मजबूत आहेत. आकार वेगळा आहे, त्यामुळे मूळ रूप हवं असेल तर ते नकोत.

जुळे_सोलापूर:
मग काळे तीन मागवतो. दुसऱ्या रंगाचा एखादा सांधा ढिला असेल तर?

विजापूर_वेस:
बॉलवर फेव्हिकॉलचा पातळ थर द्या, रात्रभर वाळू द्या, मग बसवा. नको झाला तर नखानं सोलून निघतो. पोपटी सॉकेटमध्ये जाणाऱ्या बॉलला मात्र अजिबात लावू नका. थरानं बॉल जाड होतो आणि ताण वाढतो.