नवी पॅसेंजर लाइन परवडेल का

मामा: नवीन लाइनवरून सगळे खूश आहेत पण खर्चाचं कोणी बोलतच नाहीये. जमीन, पूल, सिग्नल हे एकदाचं झालं, पुढे स्टाफ, वीज, रूळ दुरुस्ती कायमचं, आणि प्रवासी गाडीचा खर्च तिकिटातून फार कमी ठिकाणी निघतो. तोटा शेवटी टॅक्समधूनच.

ताई: मामा, रस्त्याचा तरी कुठे तिकिटातून निघतो? ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनाही धरा ना हिशोबात, कॉलेजची मुलं, वयस्कर माणसं. त्यांना आज कुणीतरी सोडायला लागतं.

मामा: धरतो, पण रिकामे डबे धावले तर त्यांचाही फायदा नाही.

दादा: रिकामे का धावतात ते बघा. रूळ टाकायचा खर्च दोन फेऱ्या सोडा नाहीतर वीस, जवळपास तेवढाच. सकाळी एक आणि संध्याकाळी एक गाडी ठेवली की काम लांबलं त्या दिवशी माणूस अडकतो, दोनदा अडकला की परत बाइक काढतो, मग लोक येत नाहीत म्हणून उरलेली फेरी पण बंद.

ताई: अगदी बरोबर

दादा: स्कॉटलंडमध्ये एडिंबराहून दक्षिणेला जाणारी लाइन 1969 ला बंद केली होती, 2015 ला तिचा ट्वीडबँकपर्यंतचा भाग परत बांधला, साधारण 48 किमी. पहिल्याच वर्षी ट्वीडबँककडच्या टोकाच्या स्टेशनांवर अंदाजापेक्षा कितीतरी जास्त लोक आले. पण पैसे वाचवायला बराचसा मार्ग सिंगल, म्हणजे येण्याजाण्याला एकच ट्रॅक, ठेवलाय, त्यामुळे एक गाडी लेट झाली की समोरून येणारी पण थांबून राहते. मामा, काटकसर करायचीच तर स्टेशनच्या बिल्डिंगमध्ये करा, क्रॉसिंगच्या, म्हणजे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतात त्या जागेत नको.

मामा: हे पटलं. सिंगल लाइनवर नंतर फेऱ्या वाढवायच्या म्हटलं तर चालू गाड्या सांभाळून काम, ते अजून महाग.

काकू: स्टेशनपर्यंत जायचं कसं ते पण विचारा. बस गाडीच्या टायमिंगला नसेल तर अर्धा तास वाचलेला तिथेच उभं राहून जातो. आणि स्टेशनजवळ घरभाडी वाढतात, भाड्याने राहणारेच लांब जातात, ज्यांना रेल्वेची गरज जास्त.

मामा: हरकती-सूचना मागवतील तेव्हा मी लिहितो. फेऱ्या किती, क्रॉसिंग कुठे, बस कशी.

काकू: शेवटची गाडी किती वाजता ते सगळ्यात वर लिहा. माझ्यासारख्या दुपारच्या शिफ्टवाल्यांना ऑफिस टाइमच्या गाडीचा काहीच उपयोग नाही.