मदत हवी आहे: गांधीलमाश्यांमुळे कूलर सुरू करता येत नाही (नागपूर)

श्रावणी_मानेवाडा | सकाळी ९:४०
गांधीलमाश्यांचं पोळं झालंय, लवकर उपाय सांगा. पारा ४३ वर गेलाय, सासरे परवा दवाखान्यातून घरी येताहेत आणि त्या खोलीत कूलरशिवाय झोपणं शक्यच नाही. नेटवर कोणी म्हणतं जाळा, कोणी म्हणतं पाणी मारा. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. आजच करायचंय.

पंखा_मोटर | ९:५२
ताई, पोळं आहे कुठे? खिडकीला, छज्जाखाली की कूलरमध्येच? कूलर लोखंडी आहे का? पिन बोर्डात आहे की काढलेली?

निंबोळी | ९:५८
कडुनिंबाचा ओला पाला आणि दोन गोवऱ्या. घमेल्यात पेटवून खाली ठेवा, अर्ध्या तासात सगळ्या पळतात. महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात आजी दरवर्षी हेच करायची.

जुनी_सीताबर्डी | १०:०५
धुराने जाऊन परत येतात. बांबूला चिंधी बांधायची, रॉकेल टाकायचं, रात्री एकदा फिरवलं की काम संपलं. मी तीन पोळी अशीच काढली.

पंखा_मोटर | १०:११
काका, असं नका सांगू जी. कूलरमध्ये असेल तर वाळ्याची ताटी सुकून पार कोरडी झालेली असते, एक ठिणगी पुरते. गेल्या उन्हाळ्यात अशी जळालेली बॉडी माझ्याकडे दुरुस्तीला आली होती, आतली वायरिंग वितळून एक गोळा झालेला. खिडकीचा पडदाही गेला त्यांचा.

श्रावणी_मानेवाडा | १०:२०
हो, कूलरमध्येच आहे, लिहायचं राहिलं. लोखंडी आहे, दिवाळीनंतर झाकून ठेवला होता. आज ताडपत्री काढली आणि मागची ताटी जराशी सरकवली. आतल्या कोपऱ्यात वाटीएवढं राखाडी पोळं, एका बारीक देठावर उलटं लटकलेलं. तीस-चाळीस तरी असतील. ताटी हलताच सगळ्यांनी एकदम पंख वर केले आणि माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी तशीच ताटी सोडून आत आले. आता सांगा, स्प्रे कोणता आणू?

काटोलकर | १०:३४
वर्णनावरून कागदी पोळंच दिसतं. सुकं लाकूड कुरतडून, लाळेत कालवून बनवतात, म्हणून राखाडी. खालून उघड्या सहाकोनी खोल्या दिसतात का? माशी पिवळी, बारीक कमरेची आहे की विटकरी, जाडजूड, पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली? दुसरी असेल तर ती मोठी जात, तिच्या वाटेला स्वतः जायचंच नाही. पण ती बहुतेक भिंतीच्या पोकळीत किंवा जमिनीतल्या बिळात असते.

आणि काही अडत नसेल तर राहू द्या, ही माझी मनापासून विनंती. आमच्या संत्र्याच्या बागेत पानं खाणाऱ्या अळ्या ह्या माश्या उचलून नेतात. अळीचा चेंडू करून पोळ्यातल्या पिलांना भरवताना मी कितीदा पाहिलंय.

निंबोळी | १०:४१
दादा, बाग वेगळी आणि आजारी माणसाची खोली वेगळी.

काटोलकर | १०:४५
बरोबर. इथे काढावंच लागेल. मी फक्त छज्जाच्या टोकाला किंवा झाडावर असेल त्यांच्यासाठी बोललो.

पाचवा_मजला | १०:५२
आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली हातभर लांब आग्यामोहोळ लागलंय. कमिटी म्हणते काढा, मी म्हणतो मध काढणाऱ्याला बोलवा. कोणाकडे नंबर आहे का? मध कुठला चांगला, जंगलातला की पेटीतला?

काटोलकर | १०:५८
भाऊ, त्यासाठी वेगळा धागा काढा. आग्यामोहोळाची माशी गांधीलमाशी नव्हे. मधमाशीचा काटा कातडीत अडकून तुटतो, ती एकदा डसून मरते. गांधीलमाशीचा काटा गुळगुळीत, ती पुन्हा पुन्हा डसते. आग्यामोहोळ उठलं तर शेकडो माश्या मागे लागतात. त्यावर दगड नको, फटाके नको, खाली शेकोटीही नको.

श्रावणी_मानेवाडा | ११:०५
पिवळ्याच आहेत, कंबर दोऱ्यासारखी. खालून उघड्या खोल्या, काहींना पांढरी टोपणं. मोठी पट्टेवाली एकही दिसली नाही. पण स्प्रे कोणता ते कोणीच सांगितलं नाही!

जुनी_सीताबर्डी | ११:१०
त्यातली सर्वांत मोठी राणी. तिला आधी मारा, बाकीच्या पोळं सोडून जातात.

काटोलकर | ११:१९
काका, ह्यांच्यात तसं होत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी रोपालिडिया मार्जिनाटा नावाच्या आपल्याकडच्याच गांधीलमाशीवर कित्येक दशकं काम केलं. तिची राणी दिसायला इतरांसारखीच, स्वभावाने शांत. तिला काढलं की कामकरी माश्यांपैकी एक लगेच आक्रमक होते आणि पुढे तीच राणी बनते. ताईंकडची जात हीच आहे असं नाही, पण मोठी शोधून मारण्यात नुसते डंख मिळतील.

पंखा_मोटर | ११:२६
ताई, स्प्रेचं सांगतो, पण आधी विचारतो. सासऱ्यांना काय झालं होतं? आणि कूलर गॅलरीत आहे की खिडकीबाहेर स्टँडवर?

श्रावणी_मानेवाडा | ११:३३
न्यूमोनिया झाला होता, दमा जुनाच आहे. कूलर पहिल्या मजल्यावर, खिडकीबाहेरच्या स्टँडवर. तोंड खोलीत, मागची बाजू शिडीवरून. पण ह्याचा पोळ्याशी काय संबंध?

पंखा_मोटर | ११:४१
संबंध तिथेच आहे, ताई. कूलरमध्ये औषध मारलं की ते ताटीत मुरतं, टपात उतरतं. मग पंखा तीच हवा सरळ पलंगावर फेकतो. धड माणसाला खोकला येतो, दमेकऱ्याचं काय होईल? शिवाय डब्यातल्या स्प्रेचा गॅस पेट घेतो, मोटरजवळ मारायचाच नाही.

मी पंधरा वर्षं कूलर उघडतोय, मार्च-एप्रिलमध्ये दर आठ-दहा कूलरमागे एकात पोळं असतंच. माझी रीत: पिन काढायची. अंधार पडला, सगळ्या माश्या पोळ्यावर बसल्या की फवारणीच्या पंपात कपडे धुण्याच्या साबणाचं दाट पाणी भरायचं आणि पोळं चिंब करायचं. माशीच्या अंगावर श्वासाची छिद्रं असतात, साबणाचं पाणी तिथे शिरलं की ती लगेच पडते. नुसत्या पाण्याने असं होत नाही. मग पत्तीने देठ मुळापासून खरवडायचा आणि जागा पुसून काढायची.

पण शिडीवरून हे करू नका. एक जरी माशी तोंडावर आली तर हात सुटतोच.

निंबोळी | ११:४८
आणि चावली तर लगेच चुना लावा नाहीतर लोखंड घासा.

वॉर्ड_१२ | दुपारी १२:१५
मी नर्स आहे, आत्ताच ड्युटीवरून आले. चुना लावू नका, कातडी भाजते. लोखंड घासून काही होत नाही. साबण-पाण्याने धुवायचं, कापडात बर्फ गुंडाळून धरायचा, अंगठी-बांगडी सूज यायच्या आत काढायची. मधमाशीचा काटा दिसला तर नखाने झटकन काढायचा.

इतका वेळ कोणी विचारलं नाही म्हणून मी विचारते: हे काम करणार कोण? आणि घरात कोणाला आधी माशी डसून त्रास झालाय का?

श्रावणी_मानेवाडा | १२:२४
हे पुण्याला आहेत, रविवारी येतील. सासूबाई म्हणताहेत मीच काढते, गावाकडे खूप काढलीत. मी खाली शिडी धरणार. त्रास म्हणजे, मागच्या वर्षी त्यांना एकच माशी मानेला डसली होती. अंगभर गांधी उठल्या, आवाज बसला, चक्कर आली. गोळी घेतली आणि संध्याकाळपर्यंत बरं वाटलं.

वॉर्ड_१२ | १२:२९
श्रावणीताई, सासूबाईंना आत्ताच खाली घ्या. त्या खोलीतही जाऊ देऊ नका.

डसल्या जागी सूज येणं वेगळं. डंख मानेला आणि गांधी अंगभर, आवाज बसणं, चक्कर, ही तीव्र ॲलर्जी. पुढच्या डंखाला घसा सुजून श्वास अडकू शकतो, रक्तदाब एकदम पडू शकतो, तोही काही मिनिटांत. त्यावर ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, गोळीने भागत नाही. तसं काही झालं तर घरी वेळ न घालवता १०८ लावा आणि मेडिकल कॉलेज किंवा मेयो, जे रुग्णालय जवळ असेल तिथे कॅज्युअल्टीत न्या. आज काही झालं नाही तरी या आठवड्यात त्यांना डॉक्टरांना दाखवा आणि मागच्या वर्षीचं जसं मला लिहिलंत तसंच सांगा.

जुनी_सीताबर्डी | १२:४०
उगाच घाबरवू नका. आमच्या लहानपणी दहा-दहा डसायच्या.

वॉर्ड_१२ | १२:४४
काका, तुम्हाला डसल्या आणि तुम्ही बरे राहिलात, आनंद आहे. ह्यांच्या सासूबाईंचा आवाज बसला होता. मी अशा बाईला स्ट्रेचरवर पाहिलंय, ओठ निळे पडलेले. म्हणून सांगते.

जुनी_सीताबर्डी | १२:५१
बरं. आवाज बसल्याचं मी नीट वाचलं नव्हतं. सासूबाईंना दूरच ठेवा.

पंखा_मोटर | १२:५५
ताई, मग माणूस बोलवाच. पेस्ट कंट्रोलवाल्याकडे जाळीची टोपी आणि जाड कपडे असतात. त्याला आधीच बजावा की आत औषध नको, साबणाचं पाणीच मार. कुरकुर करतील, त्यांना औषधाचीच सवय. तरी औषध मारलंच तर तिन्ही ताट्या फेका आणि टप दोनदा धुवा.

पाचवा_मजला | १:१०
मधाचं कोणी सांगितलं नाही अजून.

श्रावणी_मानेवाडा | दुसऱ्या दिवशी सकाळी ८:१५
सगळ्यांचे मनापासून आभार. तिघांना फोन केले, दोघे औषधाशिवाय यायला तयार नव्हते. तिसरे दादा रात्री साडेआठला आले. सासूबाईंना शेजारच्या काकूंकडे पाठवलं. खोलीतला दिवा बंद केला, दाराखाली ओला टॉवेल लावला आणि दादांनी आतूनच, कूलरच्या तोंडातून पंपाने साबणाचं पाणी मारलं. मी दाराबाहेर होते. दोन मिनिटं पत्र्यावर टपटप आवाज येत होता, मग थांबला. सकाळी टपात एक्केचाळीस मोजल्या. पोळं ओल्या पुठ्ठ्यासारखं पिशवीत आलं. देठ खरवडला, कोपरा पुसला.

तरी चार-पाच माश्या सकाळपासून त्याच कोपऱ्यात घिरट्या घालताहेत. ह्या कुठून आल्या?

काटोलकर | ८:३२
रात्री बाहेर राहिलेल्या असतील. पोळं शोधताहेत. दोन-तीन दिवस येतील, बसायला काही सापडलं नाही की जातील. तोवर खिडकी लावून ठेवा, हाताने हाकलू नका.

पंखा_मोटर | ८:४०
जुन्या ताट्या लावू नका, नवीन वाळ्याच्याच घ्या. लावण्याआधी टप घासा आणि तासभर नुसता पंखा चालवा, मगच पाणी भरा. अर्थिंगही तपासून घ्या, लोखंडी कूलर आहे.

वॉर्ड_१२ | ८:४७
सासूबाईंची डॉक्टरांची वेळ घेतली का?

श्रावणी_मानेवाडा | ८:५३
हो ताई, उद्या ११ ची. मी स्वतः सोबत जातेय.