उसाचं पाचट (वाळलेला पाला) जाळून जाळून रान दगडासारखं झालंय, काय करावं?

मांजराकाठ, लातूर:
राम राम मंडळी. आमचं ३ एकर काळं रान, दहा-बारा वर्षं झाली ऊसच हाय, तोडणी झाली की पाचट पेटवून द्यायचं अन खोडवा (तोडलेल्या बुडख्यातनं फुटणारा पुढचा ऊस) धरायचा, सगळेच तसं करायलेत म्हणून आम्हीबी. औंदा एक एकर मोडून नांगरला तर डोक्याएवढाली ढेकळं निघाली, वखराच्या दोन पाळ्या दिल्या तरी फुटंनात. आधी एकरी ३ गोण्या युरियात भागायचं, आता ५ टाकल्या तरी ऊस पिवळाच. माती तपासली, सेंद्रिय कर्ब ०.३१ टक्के अन सामू (पीएच) ८.४ आला. परवा पोराला गांडूळ दाखवावं म्हणून बांधाजवळ खोदलं, एकबी घावलं नाही. लई जीवाला लागलं. दुकानदार म्हणतोय जिप्सम टाका, टाकू का?

डावा कालवा, परभणी:
भाऊ जिप्समची घाई नको. काळ्या रानात चुनखडी असली तरी सामू ८.४ पर्यंत जातो, म्हणजे लगेच चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेलं रान) झालं असं नाही. आधी सोडियम तपासून घ्या. आमच्याकडं जायकवाडीचं पाणी आलं अन लोकांनी मोकाट पाणी दिलं, पाणी निघायला चर कुणी काढले नाहीत, आता उन्हाळ्यात रानावर क्षारांचा पांढरा थर दिसतो. तिथं जिप्सम टाकायचं तर आधी पाणी निघायला वाट पाहिजे, नायतर पैसे मातीत. तुमच्या रानात पाणी साचून राहतं का ते सांगा.

खोडवावाला:
माझ्या मते खरं दुखणं पाचटच. हेक्टरी ८ ते १० टन निघतं, ते पेटवलं की त्यातला नत्र अन गंधक बराचसा धुरात जातो, वरच्या थरातले जिवाणू भाजून निघतात, अन मग तोच नत्र आपण गोणी विकत घेऊन टाकतो. पाचट एक सरी आड दाबा, हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट अन पाचट कुजवायचं १० किलो जिवाणू कल्चर टाका, ओल राहू द्या. मी चौथ्या वर्षी आहे, आता पाण्याची एक पाळी लांबली तरी ऊस सुकत नाही.

बीडची ताई:
दादा नुसतं पाचट दाबून भागणार नाही, रानाला उसापासून सुट्टी द्या. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तरी आपण बोअरवर बोअर पाडून ऊसच लावायलो. नांगरलेल्या एकरात धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरा, फुलावर यायच्या टायमाला मातीत गाडा, मग हरभरा घ्या. माझ्या सासऱ्यांनी तसंच केलं, ढेकळं हातानं फुटायला लागली.

मांजराकाठ, लातूर:
सगळ्यांचे आभार. हो, खालच्या कोपऱ्यात पाणी साचतं, तिथली माती वेगळी काढून सोडियमला देतो. धैंचाचं बी आणतो. दोन एकर खोडव्यात पाचट दाबायचं ठरवलंय, पण शेजारच्यानं त्याचं पेटवलं तर आमच्यातबी आग शिरंल, तेव्हा बांधाच्या कडंनं किती फुटांचा पट्टा मोकळा ठेवावा?